महासाथीच्या काळात कामावर: सोलापुरातल्या कामगारांची जबाबदारी आणि हक्क (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही माहिती यंत्रमाग, टॉवेल-चादरीचे कारखाने, डाईंग-सायझिंग (रंगाई आणि सुताला खळ लावणं), गारमेंट आणि विडी या कामांतल्या लोकांसाठी आहे. कोविडला जागतिक आरोग्य संघटनेनं ११ मार्च २०२० रोजी महासाथ म्हटलं आणि त्याची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपली. पुढची साथ वेगळ्या रोगाची असू शकते. म्हणून इथं खोकला, शिंक आणि श्वास यांतून पसरणारा कुठलाही रोग डोळ्यांपुढे ठेवला आहे. किती दिवस घरी राहायचं हा आकडा रोगाप्रमाणे बदलेल. बाकीची बहुतेक पथ्यं तीच राहतील.

सुरक्षेची सोय करणं मालकाचं काम. मग कामगाराची जबाबदारी कुठून आली?

सोय मालकानं करायची आणि ती वापरायची कामगारानं, असं कायद्यात दोन्ही बाजूंनी लिहिलेलं आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १११ नुसार सुरक्षेच्या साधनांत मुद्दाम ढवळाढवळ करायची नाही, स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल असं काही करायचं नाही आणि दिलेलं साधन वापरायचं टाळायचं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० आली. तिच्या कलम १३ मध्ये हेच आहे. शिवाय कामाच्या जागी काही असुरक्षित दिसलं तर ते मालकाला कळवणं हे कामगाराचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. कलम १४ मध्ये हक्क आहेत: आरोग्य-सुरक्षेची माहिती मागण्याचा, आणि जिवाला किंवा आरोग्याला लगेचचा धोका वाटला तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ही संहिता साधारणपणे १० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. घराच्या खालच्या मजल्यावर चार-सहा लूम (यंत्रमाग) चालवणारे कारखाने सोलापुरात भरपूर आहेत आणि ते यातून सुटतात. पण साथरोग अधिनियम, १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली निघालेले जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्तांचे आदेश दोन लूमच्या कारखान्यालाही लागू असतात.

सगळ्यात मोठी जबाबदारी कोणती?

लवकर सांगणं. मास्क, साबण, अंतर हे सगळं त्यानंतर येतं. श्वासातून पसरणाऱ्या बऱ्याच रोगांत लक्षणं दिसण्याच्या आधीचा एखाद-दुसरा दिवस आणि नंतरचे पहिले काही दिवस माणूस सर्वांत जास्त रोग पसरवतो. म्हणजे "आजची पाळी काढतो, उद्या बघू" म्हणण्यात जो एक दिवस जातो, तोच सर्वांत महाग असतो. बारा तासांच्या पाळीत जॉबर (लूम दुरुस्त करणारा), कांडीवाली (कांड्या भरणारी) आणि पाळी बदलताना येणारा दुसरा विणकर, असे निदान तीन जण तुमच्या जवळ येऊन जातात.

सांगितलं तर मजुरी बुडते. नगावर काम करणाऱ्यानं काय करायचं?

लोक आजार लपवतात ते याच कारणानं. नुसता उपदेश करून ही अडचण सुटत नाही, म्हणून पैशाच्या वाटा आधी माहीत करून घ्या.

तुमचा विमा (ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजना) कापला जात असेल तर आजारपणाच्या काळात सरासरी रोजच्या मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या ठरलेल्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं असावं लागतं. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे सहसा मिळत नाहीत. विमा दवाखान्याच्या किंवा विमा रुग्णालयाच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. खासगी डॉक्टरकडे गेलात आणि कागद उशिरा दिलात तर दावा अडकतो. म्हणून पहिल्याच दिवशी विमा दवाखान्याला कळवा. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार या योजनेत येतात. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते पण विमा क्रमांक दिलेला नाही, असं असेल तर साथ येण्याची वाट न बघता आजच विचारा.

पगारी रजा हा दुसरा आधार. कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस रजा मिळते. जुन्या कायद्यात त्यासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत, नव्या संहितेत १८० दिवस पुरतात.

विमा नाही आणि हजेरीवर नावही नाही, अशा कामगाराच्या हातात यातलं काहीच पडत नाही. अशा वेळी मालकाकडून उचल मिळेल का, हे साथ नसतानाच बोलून ठेवलेलं बरं. तापानं फणफणलेला माणूस वाटाघाट करू शकत नाही.

कळवायचं कसं? फोन केला तर मुकादम "ये रे, बघू" म्हणतो.

फोन करा आणि लगेच तेच लिहूनही पाठवा. तारीख-वेळ असलेला निरोप पुढे विम्याला आणि तक्रारीला, दोन्हीकडे उपयोगी पडतो. निरोपात पाच गोष्टी हव्यात: नाव आणि पाळी, काय होतंय, कधीपासून, शेवटचा कामाचा दिवस, आणि त्या दिवशी जवळ कोण होतं. उदाहरणार्थ:

"साहेब, मी (तुमचं नाव), रात्रपाळी, लूम नंबर ७ आणि ८. काल संध्याकाळपासून ताप आणि अंगदुखी. शेवटची पाळी परवा रात्री केली. जॉबर आणि लूम ९ वरचे दादा जवळ होते. आज तपासणीला जातोय, कामावर येत नाही. रिपोर्ट आला की कळवतो."

एवढंच पाठवा, आणि मुकादमाला किंवा मालकालाच पाठवा. कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

तापाची गोळी घेतली की गेटवर ताप दिसत नाही. मग हरकत काय?

गोळीनं ताप उतरतो, रोग पसरायचा थांबत नाही. पॅरासिटामॉलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. म्हणजे गेटवर तुम्ही ठीक दिसता आणि पाळीच्या मध्यावर ताप पुन्हा चढतो, तोही लूमसमोर. गोळी घेतली असेल तर गेटवर ते सांगायचं, ही जबाबदारी तुमचीच आहे.

तापमापक बंदुकीवरही फार विसंबू नका. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात सायकलवर आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलं असतं आणि आकडा वर जातो. घाम सुकत असेल तर उलट खाली येतो. सावलीत १० ते १५ मिनिटं बसा, कपाळ कोरडं करा आणि मग मोजू द्या. आकडा ३८ सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा वर आला तर आत जायचं नाही. आकडा ठीक आहे पण अंग मोडून आलंय, वास येत नाही, घसा धरलाय, अशा वेळी आकड्यापेक्षा अंगाचं ऐका.

मला वर्षभर खोकला असतो. कापसाच्या धुळीचा आणि साथीचा खोकला वेगळा कसा ओळखायचा?

खात्रीनं ओळखायला तपासणीच लागते, पण काही खुणा आहेत. धुळीच्या आजारात सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो आणि आठवडा सरत जाईल तसं बरं वाटतं. ताप नसतो. विडी कामगारांचा तंबाखूच्या धुळीचा खोकला सूप समोर असताना वाढतो आणि बाहेर मोकळ्या हवेत कमी होतो. साथीचा खोकला घरी बसूनही कमी होत नाही. सोबत ताप, अंगदुखी किंवा गळून गेल्यासारखा थकवा असतो आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही तसंच होऊ लागतं. नेहमीचा खोकला अचानक बदलला, तर तो नवा आजार समजा.

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर साथ असो वा नसो, थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. महासाथीच्या धावपळीत क्षयरोग मागे पडतो आणि घराघरात पसरतो.

लूमच्या खडखडाटात मास्क लावून बोललेलं ऐकू येत नाही. काढावाच लागतो. काय करायचं?

हा प्रश्न यंत्रमागाचा खास आहे आणि बाहेरून आलेल्या सूचनांमध्ये याचं उत्तर सापडत नाही. शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. त्यात जॉबरला काही सांगायचं म्हणजे मास्क हनुवटीवर ओढायचा, त्याच्या कानाशी तोंड न्यायचं आणि ओरडायचं. ओरडताना तोंडातून साध्या बोलण्यापेक्षा किती तरी जास्त कण बाहेर पडतात, आणि तेही समोरच्याच्या गालापासून वीतभर अंतरावर. सहा फुटांच्या अंतराला मग अर्थच राहत नाही.

उपाय साधा आहे. रोज लागणारे निरोप फार नसतात: ताणा तुटला, बीम संपला, कांडी हवी, पिकर (धोट्याला धक्का देणारा भाग) गेला, मोटर बंद कर, जॉबर बोलाव. या सगळ्यांच्या हाताच्या खुणा शेडमध्ये एकदाच ठरवा. बऱ्याच खुणा जुने विणकर आधीपासून वापरतातच, फक्त सगळ्यांनी त्याच वापरायच्या. लांबलचक काही सांगायचं असेल तर पाटी-खडू ठेवा किंवा दोघंही दाराबाहेर या. मोबाइलवर टाईप करून दाखवणंही चालतं, पण चालू लूमपासून दूर.

धोट्यात (आडवा दोरा इकडून तिकडे नेणारं साधन) दोरा तोंडानं ओढून घ्यायची सवय आहे. त्यानं काय होतं?

ही सवय साथीत आधी सोडा, आणि साथ गेल्यावरही सोडलेलीच ठेवा. साध्या लूमवर नवी कांडी घातली की धोट्याच्या डोळ्यातून दोरा बाहेर काढायला तोंड लावून हवा ओढतात. एका पाळीत असं अनेकदा होतं. तोच धोटा पुढच्या पाळीचा विणकर तोंडाला लावतो. एकाची लाळ थेट दुसऱ्याच्या तोंडात जाते आणि धोट्यावरचा रंग, तेल, कापसाची धूळही पोटात-छातीत जाते. बारीक तारेला टोकाशी आकडा करून तो डोळ्यातून घाला आणि दोरा ओढून घ्या. पहिले दोन-तीन दिवस वेळ लागतो, मग हात बसतो. प्रत्येक विणकराचा आकडा वेगळा हवा. मालकानं दिला नाही तर मागा. ही मागणी संहितेच्या कलम १४ च्या हक्कात बसते.

गमछा किंवा टॉवेलचा तुकडा तोंडाला बांधला तर चालेल का?

काहीच नसेल तर चालेल, पण भरवसा ठेवू नका. टेरी टॉवेलचं कापड फासाफासांचं आणि सैल असतं. ते घाम शोषतं आणि कडेनं हवा सोडतं. त्यापेक्षा घट्ट विणीच्या सुती कापडाचे तीन थर बरे. तीन पदरी सर्जिकल मास्क त्याहून बरा. शेजारी खोकणारा माणूस आहे, बंद खोली आहे किंवा घरात रुग्ण आहे, तेव्हा एन-९५ वापरा. तो ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच.

घट्ट बसवायचा असा: वरचा पट्टा डोक्याच्या वरच्या बाजूला, खालचा मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा. दोन्ही तळवे मास्कवर धरून जोरात श्वास सोडा. चष्मा धुरकटला किंवा डोळ्यांकडे हवा लागली तर मास्क बसलेला नाही. दाढी असेल तर कड बसत नाही, साथीपुरती काढावी लागते. झडप असलेला मास्क तुम्हाला वाचवतो पण तुमचा श्वास न गाळता बाहेर सोडतो, म्हणून कारखान्यात तो नको.

एन-९५ धुवायचा नाही. त्याच्या धाग्यांवर जो विद्युतभार असतो, त्यानं बारीक कण चिकटतात. साबण-पाण्यानं किंवा सॅनिटायझरनं तो जातो, मास्क मात्र दिसायला तसाच राहतो. पाच मास्क घ्या, पाच कागदी पिशव्यांवर वार लिहा आणि फिरवून वापरा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुकत नाही, बुरशी धरते. लूमशेडमध्ये मास्कवर फ्लफ (कापसाचे उडणारे तंतू) चढतो. श्वास ओढायला जड जाऊ लागला, मास्क ओला झाला किंवा पट्टा सैल झाला की तो बाद. कापडी मास्क पाळीला निदान दोन लागतात, सायझिंग-डाईंगच्या वाफेत तीन.

टाकायचा मास्क कापून कागदी पिशवीत ७२ तास ठेवा, मग कचऱ्यात द्या. न कापलेला मास्क कुणीतरी धुऊन पुन्हा विकू शकतो.

उन्हाळ्यात मास्कनं गुदमरल्यासारखं होतं.

सोलापुरात पारा ४० च्या वर असतो आणि सायझिंग खात्यात त्याहून जास्त. मास्कमुळे ऑक्सिजन कमी होत नाही, पण उकाडा खरा असतो. तासातून एकदा बाहेर सावलीत या, कुणी जवळ नाही हे पाहून मास्क काढा, पाणी प्या, तोंड पुसा, पाच मिनिटांनी परत जा. चक्कर, मळमळ, घाम येणं बंद होणं ही उष्माघाताची लक्षणं आहेत. तेव्हा मास्क लगेच काढायचा, आडवं व्हायचं, अंगावर पाणी मारायचं आणि १०८ ला फोन करायचा.

खिडक्या उघडल्या तर सूत तुटतं म्हणून मालक बंद ठेवतो. बरोबर आहे का?

मालकाचं म्हणणं खोटं नाही. सुती धाग्याला दमट हवा लागते. सोलापूरच्या कोरड्या वाऱ्यात ताणा तुटू लागतो आणि नगावर काम करणाऱ्या विणकराचंही त्यात नुकसान होतं. पण बंद शेड ही श्वासाच्या रोगाला सगळ्यात आवडती जागा. मधला मार्ग असा: वाऱ्याच्या दिशेची बाजू बंद ठेवा, उलट बाजूच्या वरच्या झरोक्यात हवा बाहेर फेकणारा पंखा लावा आणि आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर ओलं गोणपाट किंवा फवारा ठेवा. ओल टिकते आणि हवाही बदलते. जेवणाच्या सुट्टीत आणि पाळी बदलताना दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघडा. टेबल फॅन एका माणसाकडून दुसऱ्याकडे वारा मारेल असा ठेवू नका.

ऑफिसात एसी असेल तर २४ ते ३० अंशांवर ठेवा आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवा. वीज थोडी जास्त लागेल, लागू दे.

पाळी बदलताना नेमकं काय करायचं?

जाणाऱ्यानं मोटर बंद करायची, हँडल, धोटा, कात्री, स्विच पुसायचे आणि बाहेर पडायचं. येणाऱ्यानं १० मिनिटं थांबून आत जायचं. कापडाची स्थिती, तुटलेले धागे वगैरे दाराबाहेर किंवा पाटीवर सांगायचं.

पुसायला काय वापरता हे महत्त्वाचं आहे. हायपोनं (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच्या द्रावणानं) लोखंड गंजतं आणि रंगीत टॉवेलवर एक थेंब पडला तरी पांढरा डाग राहतो. मग तो नग सेकंडमध्ये (कमी दर्जाच्या मालात) जातो आणि मजुरी कापली जाते. लूमवर साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवा, मग कोरडं फडकं. स्विचवर ७० टक्के अल्कोहोल, तेही मेन बंद करून.

सॅनिटायझर बरा की साबण?

कारखान्यात साबण. हाताला ऑइल, ग्रीस, खळ किंवा तंबाखू लागली असेल तर सॅनिटायझर कातडीपर्यंत पोचतच नाही. २० सेकंद साबण चोळा, अंगठा आणि नखांच्या कडा विसरू नका. सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल हवं आणि ते हात कोरडे होईपर्यंत चोळायचं.

अल्कोहोल पेट घेतं. शेडमधला फ्लफही पेट घेतो. बॉयलर, सिंजिंग मशीन (कापडावरचे तंतू जाळणारं), गॅसची शेगडी आणि उघडा स्विच यांच्याजवळ सॅनिटायझरचा कॅन ठेवू नका. हात पूर्ण सुकल्याशिवाय काडी ओढू नका.

हायपोचं प्रमाण किती?

जमीन, संडास, हँडलसाठी ०.१ टक्का पुरतो. घरगुती ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर १ लिटर पाण्यात २० मिली. डाईंग खात्यात येणारा हायपो ताजा असेल तर साधारण १० टक्क्यांचा असतो, त्याचे १० मिली. ओकारी, रक्त किंवा थुंकीवर १ टक्का: ३० टक्के क्लोरीनची ब्लिचिंग पावडर ३३ ग्रॅम, १ लिटर पाण्यात. आधी घाण पुसून घ्या, मग द्रावण टाका, १० मिनिटं राहू द्या. रोज ताजं बनवा, कारण सोलापूरच्या उन्हात कॅनमधला हायपो झपाट्यानं उतरतो.

संडास धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये हायपो कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो आणि छोट्या बंद संडासात माणूस बेशुद्ध पडू शकतो. डाईंगमध्ये अ‍ॅसिडचे कॅन शेजारीच असतात, म्हणून मापाचा मग हायपोसाठी वेगळा ठेवा. माणसांच्या अंगावर हायपो फवारायचा नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं १८ एप्रिल २०२० लाच तसं बजावलं होतं. फवारणीचा बोगदा लावला असेल तर त्यातून जायला नकार द्या.

जेवताना मास्क काढावाच लागतो. मग?

म्हणून तर सगळ्यात जास्त लागण जेवताना आणि चहाच्या वेळी होते. दिवसभर मास्क पाळणारे लोक कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मध्ये ठेवून गोल बसतात आणि अर्धा तास गप्पा मारतात. एका बाजूला तोंड करून, अंतर ठेवून, जमलं तर बाहेर झाडाखाली बसा. चटणी वाढून घ्या, एका डब्यात हात घालू नका. बोलणं जेवण झाल्यावर मास्क लावून. माठाला ओगराळं ठेवा आणि पेला ज्याचा त्यानं आणावा. मावा, चुन्याची डबी, अर्धी विडी एकमेकांना देणं बंद. थुंकणं तर बंदच. कोपऱ्यातली पिचकारी दुसऱ्या कुणाला तरी हातानं पुसावी लागते.

आम्ही घरी विड्या वळतो. कारखान्यात फक्त माल द्यायला जातो. आम्हाला काय लागू?

तुमचा धोका दोन ठिकाणी आहे: माल देण्याची रांग आणि घर. रांगेत पानं-तंबाखू घेणाऱ्या आणि विड्या मोजून देणाऱ्या बाया एकाच खिडकीशी गर्दी करतात. गल्लीप्रमाणे वेळा वाटून मागा. माल मोजून होईपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबा. लहान मुलांना रांगेत नेऊ नका.

घरात कुणी आजारी असेल तर त्या खोलीत सूप मांडू नका. पान भिजवायचं पाणी रोज बदला. दोरा दातानं तोडायची किंवा बोट ओलं करायला जिभेला लावायची सवय असेल तर कात्री आणि ओलं फडकं जवळ ठेवा. आजारी बाईनं वळायचंच नाही. घरातल्या दुसरीनं तिचा कोटा पूर्ण करून तिच्या नावावर देणं पुष्कळदा घडतं आणि ते समजण्यासारखं आहे, पण कारखान्यात आजार कळवा, नाहीतर विम्याचा दावा करताना तुम्ही कामावर होता असंच दिसेल.

शेअर रिक्षानं एमआयडीसीला जातो. काही पथ्य?

पडदे वर बांधायला सांगा, मास्क काढू नका, फोनवर मोठ्यानं बोलू नका. सुट्टे पैसे तयार ठेवा. शक्य असेल तर सायकल.

शेजारच्या लूमवाल्याला लागण झाली. मी काय करू?

२४ तासांत एकूण १५ मिनिटं किंवा जास्त वेळ तुम्ही त्याच्या सहा फुटांच्या आत होता का, सोबत जेवलात का, एका रिक्षात आलात का, हे आठवा. उत्तर हो असेल तर मुकादमाला सांगा, आरोग्य कर्मचाऱ्याला खरी माहिती द्या आणि ते सांगतील तितके दिवस वेगळे राहा. महापालिका हद्दीत मनपाच्या आरोग्य केंद्राशी संपर्क करा, बाहेर असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्राशी. १०४ या आरोग्य हेल्पलाइनवरही विचारता येतं.

त्याचं नाव गल्लीत सांगत फिरू नका. नाव फुटलं की घरमालक खोली रिकामी करायला सांगतो, नळावर पाणी भरू देत नाहीत. मग पुढचा आजारी माणूस गप्प बसतो आणि त्याची किंमत सगळी शेड मोजते.

घर एका खोलीचं आहे. वेगळं कसं राहणार?

जमत नसेल तर विलगीकरण केंद्रात जा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घरीच राहावं लागलं तर रुग्णाची पथारी खिडकीशी, बाकीच्यांची डोकी उलट दिशेला, दोघांच्या मध्ये सहा फूट आणि खोलीत असताना सगळ्यांना मास्क. भांडी वेगळी ठेवली तर उत्तम, नाहीतर साबणानं नीट धुतली तरी पुरे.

कोविडसारख्या छातीच्या आजारात ऑक्सिमीटर ठेवा. पाच मिनिटं शांत बसून हात गरम करून मधल्या बोटाला लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत एक मिनिट थांबा. मेंदी, नखपॉलिश, डाईंगचा रंग लागलेलं बोट चुकीचा आकडा दाखवू शकतं, तेव्हा स्वच्छ बोट निवडा. ९४ च्या खाली गेला तर थांबू नका. सहा मिनिटं घरात चालून ३ अंकांनी उतरला तरी डॉक्टरांना दाखवा. ओठ निळसर, छातीत दुखणं, बोलण्यात गोंधळ दिसला तर आकडा न बघता १०८.

परत कामावर कधी यायचं?

चालू आदेशात लिहिलं असेल तेव्हा. कोविडचेच उदाहरण घ्या: ५ जानेवारी २०२२ च्या केंद्रीय सूचनेत सौम्य रुग्णाला पॉझिटिव्ह आल्यापासून किमान ७ दिवस आणि सलग ३ दिवस ताप नाही, असं होतं. त्याआधी हे दिवस जास्त होते. ताप नाही म्हणजे गोळी न घेता नाही. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात चार लूमऐवजी दोन मागा. दम लागत असताना चार लूमच्या मध्ये धावणं अपघाताला आमंत्रण आहे.

लस सक्तीची असते का?

२ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कुणालाही जबरदस्तीनं लस देता येत नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी योग्य प्रमाणात निर्बंध मात्र घालता येतात. लस घेतली असली तरी लक्षणं दिसली की कळवण्याची जबाबदारी राहतेच.

नियम मोडला तर कामगाराला शिक्षा होते का?

होऊ शकते. साथरोगाचा आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जिवाला धोका झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जीवघेणा रोग निष्काळजीपणे पसरवण्यासाठी कलम २७१ आहे. कामगारानं वर सांगितलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतलं कर्तव्य मोडलं तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

मालक ना साबण देतो ना हवेची सोय करतो. काम नाकारू का?

अचानक निघून गेलात तर गैरहजेरी लागते आणि मुद्दा मागे पडतो. आधी लेखी कळवा: काय नाही, कुठल्या खात्यात, किती जणांना धोका. दोन-तिघांच्या सह्या असतील तर बरं. त्याची प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या सोलापूर कार्यालयाला आणि मजुरीचा प्रश्न असेल तर सहायक कामगार आयुक्तांना द्या. पोच घ्या. छोट्या कारखान्यांसाठी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार जास्त लवकर पोचते. समोर तापानं खोकणारा माणूस मशीनवर उभा आहे, असा लगेचचा धोका असेल तर त्याच्यापासून दूर व्हा, मुकादमाला सांगा आणि सांगितल्याची वेळ लिहून ठेवा.

हजेरीचं अंगठ्याचं मशीन वापरायचं का?

साथ जोरात असताना रजिस्टर किंवा चेहऱ्याचं मशीन मागा. अंगठाच लावायचा असेल तर आधी हात धुऊन कोरडा करा, अंगठा लावा आणि मग लगेच सॅनिटायझर. सॅनिटायझरनं ओला अंगठा मशीन ओळखत नाही, माणूस पाच वेळा दाबतो आणि मागची रांग तेवढीच वाढते.